परसातल्या मोकळ्या कोंबड्यांची राखण कमी खर्चात कशी करावी? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांत ज्या घरांकडे दहा-वीस कोंबड्या दिवसभर परसात मोकळ्या चरतात आणि रात्री खुराड्यात येतात, अशा घरांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पिंजरा पद्धतीचा किंवा शेडमधला मोठा कुक्कुटपालन व्यवसाय येथे विचारात घेतलेला नाही, कारण त्याचे हिशेब आणि अडचणी निराळ्या असतात.

हाताशी पैसे थोडे आहेत. पहिला खर्च कशावर करावा?

रात्रीच्या खुराड्यावर करावा, आणि त्यातही आधी त्याच्या तळावर व दारावर. बहुतेक जण सुरुवात कुंपणापासून करतात आणि पैसे तिथेच संपतात. दहा गुंठ्यांचे परस चौरस आहे असे धरले, तरी त्याच्या भोवती सुमारे सव्वाचारशे फूट जाळी लागते. पंधरा गावठी कोंबड्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला ४ बाय ५ फुटांचे खुराडे पुरते आणि त्याचा घेर अवघा १८ फूट भरतो. सव्वाचारशे फुटांवर हलकी जाळी लावून मुंगूस, कांडेचोर (रात्री फिरणारे, झाडावर चढणारे मांजरासारखे जनावर), साप आणि घार यांपैकी एकही थांबत नाही. त्याच पैशाच्या लहानशा हिश्शात १८ फुटांचा घेर मात्र पक्का करता येतो. दिवसा मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांपैकी एखादी अधूनमधून जाणार, हे या पद्धतीत गृहीत धरावेच लागते. रात्री खुराड्यात शिरलेले जनावर मात्र एकाच फेरीत सगळा कळप मारून जाऊ शकते, आणि पैसे खर्चून टाळायचे आहे ते हे नुकसान.

सकाळी एक कोंबडी कमी भरली. कोणी नेली हे कसे ओळखावे?

मागे काय उरले आहे, यावरून बरेच कळते. पिसांचा एखादा झुबका सोडला तर काहीच मागे नसेल, तर रानमांजर किंवा कोल्हा यांचा संशय घ्यावा. ही जनावरे पक्षी उचलून दूर नेतात. चार-सहा कोंबड्या फाटलेल्या अवस्थेत इकडेतिकडे पडल्या असतील आणि खाल्ल्या फारशा नसतील, तर ते जवळजवळ नेहमी कुत्र्यांचे काम असते. मानेवर किंवा डोक्याच्या मागे दातांच्या बारीक खुणा असून धड जागेवरच असेल, तर दिवसा मुंगूस आणि रात्री कांडेचोर किंवा जवादी मांजर आल्याचे समजावे. धड खुराड्याच्या आत आणि मुंडके गायब असेल, तर जाळीला टेकून बसलेल्या कोंबडीची मान बाहेरून ओढली गेलेली असते. अशा वेळी बसायची काठी जाळीपासून फूटभर आत घेतली की प्रश्न मिटतो. लहान पिल्लू मेलेले, अंगाने ओले व चिकट, पण खाल्लेले नसेल, तर सापाने गिळण्याचा प्रयत्न करून सोडून दिलेले असते. पिल्ले रोज एक-एक करून नाहीशी होत असतील आणि कोपऱ्यात ताजी उकरलेली माती दिसत असेल, तर आधी उंदीर-घुशींचे बीळ शोधावे.

एवढ्यावर खात्री पटत नसेल, तर चुलीतली राख उपयोगी पडते. संध्याकाळी दार लावल्यावर खुराड्याभोवती, विशेषतः दारासमोर, हातभर रुंदीत चाळलेली राख पातळ पसरावी आणि सकाळी कोंबड्या सोडण्यापूर्वी ती नीट पाहावी. मांजराच्या जातीचा ठसा गोल असतो, त्याला चार बोटे असतात आणि नखे उमटत नाहीत. कुत्रा व कोल्हा यांच्या ठशातही चारच बोटे असतात, पण पुढे नखांचे टोक दिसते. मुंगूस आणि कांडेचोर यांना पाच बोटे असतात. मुंगसाच्या ठशात लांब नखांच्या खुणा बोटांपासून थोड्या सुट्या उमटतात. साप गेला असेल तर पायांशिवाय एक पट्टा दिसतो. पावसाळ्यात मात्र ही युक्ती पागोळीच्या आतल्या कोरड्या जागेतच चालते.

खुराडे कसे असावे? नवे बांधणे परवडत नाही.

नवे बांधण्याची गरज क्वचितच पडते. घराच्या भिंतीला लागून, पडवीच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला असलेले खुराडे सर्वांत चांगले. त्यामुळे एक भिंत फुकट मिळते, पावसाची झड कमी लागते आणि रात्री कोंबड्यांचा कालवा झाला तर घरातल्या माणसाला ऐकू येतो. आवारात दूर, सोयीच्या जागी बांधलेले देखणे खुराडे या शेवटच्या कारणासाठीच निरुपयोगी ठरते.

जमिनीवरचे खुराडे असेल, तर खालचा फूट-दीड फूट भाग दगड, वीट किंवा जांभ्याचा असावा. घरबांधणीतून उरलेले चिरे कोकणात बहुतेक घरांच्या मागे पडलेले असतात, त्यांचा उपयोग करावा. मात्र दोन चिऱ्यांमधल्या फटी चिखलाने न बुजवता थोड्या सिमेंटने बुजवाव्यात, कारण घूस चिखल एका रात्रीत उकरून काढते. कारवीचा किंवा बांबूचा कूड असलेली जुनी खुराडी तळाशी कुजतात आणि मुंगूस बरोबर तिथूनच शिरते. पूर्ण कूड बदलण्याऐवजी खालचा कुजलेला भाग कापून तिथे चिऱ्यांची एक ओळ बसवली, तरी खुराडे आणखी काही वर्षे टिकते.

खांबांवर उचललेले खुराडे असेल, तर जमिनीपासून दोन-तीन फूट उंची पुरेशी होते. प्रत्येक खांबाला मध्यभागी जुन्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याची उलटी चाडी, म्हणजे रुंद तोंड खाली येईल अशी, खिळ्यांनी पक्की ठोकावी; उंदरांना ती ओलांडता येत नाही. शिडी रात्री काढून ठेवावी. हे सांगण्याचे कारण असे, की खांबांना पत्रे ठोकून शिडी तशीच लावून ठेवणारी घरे कमी नाहीत.

दाराला नुसता आकडा किंवा सुतळी कधीही पुरत नाही. कुत्रा नाकाने ढकलतो आणि कांडेचोर फट सापडली की पंजा घालून ती रुंद करतो. कडी-कोयंडा लावून त्यात एक खुंटी किंवा मोठा खिळा अडकवावा. दोन खोबणींमध्ये वरून खाली सरकणारी फळी हा याहून स्वस्त मार्ग आहे. फळी खाली सोडल्यावर तिच्या वर एक आडवी खुंटी घातली म्हणजे ती बाहेरून उचलता येत नाही. दार लावून झाल्यावर चौकटीभोवती कुठेही अंगठा आत जात असेल, तर ती फट बुजवावी.

हवा खेळती राहील एवढी जागा वरच्या बाजूला, जाळी लावून, मोकळी ठेवावी. भीतीपोटी खुराडे चहूबाजूंनी प्लास्टिकने बंद केले, तर विष्ठेच्या वाफेने कोंबड्यांना श्वासाचे विकार जडतात आणि शिकाऱ्यापासून वाचलेला कळप रोगाने जातो.

जाळी कोणती घ्यावी?

षटकोनी छिद्रांची बारीक तारेची कोंबडी जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी बनवलेली असते, कुत्र्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. जोरदार कुत्रा ती दातांनी फाडतो आणि पावसाळी हवेत ती लवकर गंजते. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची जोडतारेची, म्हणजे वेल्डमेश, जाळी लावावी आणि वरच्या भागाला स्वस्त जाळी चालवून घ्यावी. दोन इंचांच्या छिद्रातून तरुण मुंगूस निघून जाते, त्यामुळे मोठ्या छिद्रांची जाळी स्वस्त मिळाली तरी तळाला लावू नये. जाळी खिळे वाकवून न ठोकता लाकडी पट्टी वर ठेवून ठोकावी. खिळ्यांवर टांगलेली जाळी एका झटक्यात सुटते.

खालून उकरून येणाऱ्या जनावरासाठी जाळी जमिनीत खोल पुरण्याचा खटाटोप करू नये. जाळीचा दीड फुटांचा पट्टा खुराड्याच्या बाहेर जमिनीवर आडवा अंथरावा, त्याची कड भिंतीला तारेने बांधावी आणि वर दगड ठेवावेत. उकरणारे जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी सुरुवात करते, तिथे त्याला जाळी लागते, आणि फूटभर मागे सरून सुरुवात करण्याचे ते सहसा मनावर घेत नाही.

आमच्या कोंबड्या आंब्यावर किंवा फणसावर बसतात. त्यांना तसेच राहू द्यावे का?

खुराडे पक्के नसेल तर खुशाल राहू द्यावे. हे अनेकांना पटत नाही, पण कच्चे खुराडे झाडापेक्षा वाईट असते. झाडावरून कांडेचोर किंवा मोठे घुबड एखादा पक्षी नेईल. बाकीचे उडून जातात. बंद खुराड्यात एकदा जनावर शिरले की कोंबड्यांना पळायला जागा उरत नाही. खुराडे दुरुस्त झाल्यावर मात्र त्यांना खाली आणावे. रात्री अंधार पडल्यावर कोंबडीला दिसत नाही, त्यामुळे ती हाताने उचलून आत ठेवता येते. लागोपाठ आठवडाभर असे करून सकाळी थोड्या उशिरा सोडले, की तिला नवी जागा घर वाटू लागते.

संध्याकाळी कोंबड्या वेळेवर परतत नाहीत, किंवा आम्हीच शेतावरून उशिरा येतो. काय करावे?

बहुतेक नुकसान याच तासाभरात होते. कोंबड्या घड्याळ पाहत नाहीत, उजेड पाहतात. कोकणात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सातनंतर. माणसांची घरी येण्याची वेळ मात्र वर्षभर तीच राहते, म्हणून हिवाळ्यात दार उघडे राहण्याचा काळ वाढतो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात दार लागलेच पाहिजे, आणि हे काम घरातल्या एकाच व्यक्तीकडे नेमून दिलेले असावे. घरात आजी किंवा शाळेतून आलेली मुले असतील, तर राखणीचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग फुकटात होतो.

परतण्याची सवय दाण्याने लावावी. दिवसभर चरून आलेल्या कोंबड्यांना मूठभर कणी किंवा भाताचे दाणे सकाळी न देता संध्याकाळी, खुराड्याच्या आत, नेहमीची हाक देऊन टाकावेत. प्रत्येक घरची हाक वेगळी असते आणि कोंबड्या ती ओळखतात. दाणे टाकताना मोजणी होऊन जाते हा आणखी एक फायदा. विकत आणलेल्या नव्या कोंबड्या आठवडाभर आतच ठेवून मग सोडाव्यात, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी त्या शेजारच्या काजूच्या बागेत मुक्काम करतात.

सकाळचा नियम याच्या उलट आहे. फटफटताच दार उघडू नये. कोल्हा, रानमांजर आणि गावभर हिंडणारी कुत्री पहाटे फिरतीवर असतात. ऊन अंगणात उतरेपर्यंत थांबण्याला काहीही खर्च येत नाही.

मुंगूस दिवसाढवळ्या येते. त्याचे काय करावे?

आपल्याकडचे करडे मुंगूस दिवसा शिकार करणारे जनावर आहे, त्यामुळे रात्रीचे खुराडे कितीही पक्के असले तरी त्याचा बंदोबस्त होत नाही. ते उघड्यावरून लांब धावणे टाळते. गडग्याच्या कडेने, पालापाचोळ्याच्या ढिगाआडून, लाकूडफाट्याच्या रचणीखालून सरकत जवळ येते आणि शेवटचे चार-पाच हात झेप घेते. म्हणून खुराड्याभोवती आणि कोंबड्या दुपारी जिथे धुळीत लोळतात त्या जागेभोवती निदान दहा फुटांचा पट्टा झाडून-पुसून उघडा ठेवावा. सरपणाची रचणी घराच्या दुसऱ्या बाजूला हलवावी. गडग्याच्या पोकळ्यांत त्याचे येणे-जाणे दिसत असेल, तर तेवढ्या भागातल्या पोकळ्या दगड ठोकून बंद कराव्यात. मात्र आत पिल्ले नाहीत याची खात्री आधी करून घ्यावी.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे अर्धवेळ मोकळीक. मुंगूस घराची लय ओळखते: माणसे शेतावर गेली, घर दुपारचे निजले, की ते येते. अशा घरांनी कोंबड्या सकाळी माणसे अंगणात असेपर्यंत सोडाव्यात, दुपारी जाळीच्या लहान आवारात घ्याव्यात आणि चारनंतर पुन्हा सोडाव्यात. चरण्याचे मुख्य काम कोंबड्या सकाळी आणि दिवस कलताना करतात, भर दुपारी त्या सावलीत बसून राहतात. त्यामुळे खाद्याच्या खर्चात यामुळे फारसा फरक पडत नाही. तेच मुंगूस परसातले उंदीर आणि साप खाते, हेही हिशेबात धरावे.

घार पिल्ले उचलते. त्यावर स्वस्त उपाय कोणता?

घार वरून, मोकळ्या आभाळातून उतरते. शिक्रा झाडाच्या फांदीवर दबा धरून बसतो आणि जमिनीलगत वेगाने येतो. दोघांनाही नकोशी गोष्ट एकच, ती म्हणजे डोक्यावरचा आडोसा. पिल्ले चरतात त्या जागी दर पंधरा-वीस फुटांवर काहीतरी दडायला असावे: जास्वंदीचे झुडूप, केळीचे बेट, खाली मोकळे असलेले बाजले, चार दगडांवर ठेवलेले जुने दार. कोंबडीने धोक्याचा आवाज काढला की पिल्ले जागच्या जागी दबतात किंवा आईकडे धावतात, आणि ती धाव चार पावलांची असली तरच उपयोगी पडते. खुराड्याजवळचा पट्टा उघडा ठेवावा असे वर सांगितले आणि येथे झुडपे हवीत असे सांगितले, यात विरोध नाही. जमिनीवरून येणाऱ्यासाठी खुराड्याजवळ मोकळे, आकाशातून येणाऱ्यासाठी चरण्याच्या जागी आडोसा, अशी ही विभागणी आहे. झुडपांच्या खालच्या फांद्या वीतभर छाटल्या म्हणजे मुंगसाला त्यात लपता येत नाही.

किनाऱ्यावरच्या गावांत टाकून दिलेली मासेमारीची जाळी अल्प किमतीत किंवा नुसती मागूनही मिळते. पिल्लांच्या आवारावर ती सात फुटांवर ताणून बांधावी, म्हणजे खालून माणूस वावरू शकतो. जाळे सैल सोडू नये आणि त्याची कड जमिनीवर लोळू देऊ नये. त्यात धामण गुरफटते, कधी कोंबडीही अडकते, आणि ती सोडवणे फार कष्टाचे असते.

पिल्ले पहिले सहा ते आठ आठवडे मोकळी सोडूच नयेत असे माझे मत आहे. आईसकट डालग्याखाली ठेवावीत, वर दगड ठेवावा आणि डालगे रोज नव्या जागी सरकवावे. बांबूच्या कामट्यांची तळ नसलेली, दोन माणसांना उचलता येईल अशी पेटी बुरुडाकडून करून घेतली तर आणखी उत्तम. पिल्लांना रोज ताजे गवत आणि किडे मिळतात आणि घारीला काही करता येत नाही. घारींची स्वतःची पिल्ले हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापूर्वीपर्यंत घरट्यात असतात, त्या काळात त्यांच्या फेऱ्या वाढतात. त्या महिन्यांत अंडी उबवायला ठेवायची असतील, तर डालग्याची सोय आधी करून ठेवावी. पिल्लांना गुलाबी-हिरवा रंग लावल्याने घार फसते असे अनेक ठिकाणी मानतात. त्यावर विसंबून आडोशाकडे दुर्लक्ष करू नये.

कोंबडा, कुत्रा किंवा गिनी कोंबड्या राखण करतात का?

चांगला कोंबडा करतो. तो चरताना मान वर करून पाहत राहतो. आकाशातल्या धोक्याला तो एक प्रकारचा आवाज काढतो आणि जमिनीवरच्या धोक्याला दुसरा, आणि कोंबड्या त्यानुसार दबतात किंवा ओरडत उभ्या राहतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरेसा आहे. असील रक्ताचा कोंबडा मुंगसाच्या अंगावर जाईल, पण तो जिंकेलच असे नाही. गिनी कोंबड्या अनोळखी काहीही दिसले की प्रचंड गोंगाट करतात, हा त्यांचा उपयोग आहे आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने तोच त्यांचा दोष आहे. घरचे कुत्रे पिल्लू असल्यापासून कोंबड्यांमध्ये वाढले असेल तर त्याच्यासारखा राखणदार नाही; मोठे झालेले कुत्रे आणून एकदम मोकळे सोडले, तर तेच पहिली कोंबडी मारते.

अंडी सापडत नाहीत. ती कोण खाते?

पुष्कळदा कोणीही खात नाही. कोंबडी कुंपणाच्या कडेला किंवा गवताच्या गंजीत चोरून घालते, आणि मग ती घोरपड, मुंगूस, कावळा किंवा साप यांना मिळतात. खुडूक होऊन तिथेच उबवायला बसलेली कोंबडी तर स्वतःच रात्रीच्या शिकाऱ्याची शिकार होते. यावरचा जुना घरगुती उपाय आजही उत्तम आहे: सकाळी सोडताना कोंबडी हातात धरून चाचपावी, अंडे लागत असेल तर तिला डालून ठेवावे आणि अंडे घातल्यावरच सोडावे. बहुतेक कोंबड्या दुपारपूर्वी घालून मोकळ्या होतात. खुराड्यातल्या टोपलीत पेंढा घालून प्लॅस्टरचे किंवा लाकडाचे एक अंडे ठेवले, तर कोंबड्या तिथे घालायला लवकर शिकतात.

खुराड्यात साप येतो. नॅफ्थलीनच्या गोळ्या टाकाव्यात का?

गोळ्या, फिनेल, लसूण यांनी साप थांबत नाही. त्या उग्र वासाचा त्रास कोंबड्यांनाच होतो. साप येतो तो उंदरांसाठी, अंड्यांसाठी आणि लहान पिल्लांसाठी. सांडलेला दाणा झाडून काढला, अंडी रोज उचलली आणि अर्ध्या इंचाहून मोठी फट ठेवली नाही, तर त्याचे येणे खूपच कमी होते. अजगर आत शिरून कोंबडी गिळतो आणि फुगलेल्या पोटामुळे त्याला त्याच फटीतून बाहेर पडता येत नाही; सकाळी तो तिथेच सापडतो. त्याला मारू नये, सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावे.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. अंधाऱ्या खुराड्यात हात घालून अंडी काढू नयेत. आधी बॅटरीचा उजेड टाकावा आणि काठीने पेंढा हलवावा. नाग, घोणस आणि फुरसे हे तिन्ही विषारी साप आपल्याकडे घरांच्या आसपास आढळतात.

उंदीर आणि घुशी?

रात्री खुराड्यात खाद्य ठेवू नये, दाणा पत्र्याच्या डब्यात ठेवावा, आणि पिंजरे लावावेत. उंदरांचे विष वापरू नये. मेलेला उंदीर कोंबड्या टोचतात, मांजर खाते, आणि उंदरांवर जगणारे गव्हाणी घुबडही त्याने मरते.

लुकलुकणारे दिवे, लटकवलेल्या सीडी, बुजगावणे यांचा उपयोग होतो का?

काही दिवस होतो. जागा वारंवार बदलली तर आणखी काही दिवस होतो. जनावरांना सवय झाली की ती त्याच दिव्याच्या उजेडात खुराडे उकरतात. घरात पडलेल्या सीडी जरूर टांगाव्यात, पण यासाठी विकत काही आणू नये.

भटकी कुत्री हीच आमची मोठी अडचण आहे.

कुत्र्यांपुरता कुंपणाचा उपयोग मान्य केला पाहिजे, आणि तेही जिवंत कुंपणाचा. घायपात, निवडुंग, करवंद किंवा चिलार यांची दाट ओळ दोन-तीन पावसाळ्यांत कुत्र्याला अडवण्याइतकी होते. तोवर चिव्याच्या काठ्या आणि काटेरी झिळे लावून काम चालवावे. शेराचे कुंपण करताना त्याच्या चिकाने डोळ्यांना गंभीर इजा होते हे लक्षात ठेवावे. कुत्री टोळीने फिरू लागण्याचे मूळ बहुधा उघड्यावर टाकलेल्या कोंबडीच्या आणि मासळीच्या कचऱ्यात असते, त्यामुळे हा विषय ग्रामपंचायतीत नेल्याशिवाय सुटत नाही. कुत्रे शेजाऱ्याचे असेल, तर मेलेली कोंबडी दाखवून त्याच दिवशी शांतपणे बोलावे. महिन्याने काढलेल्या तक्रारीला कोणी दाद देत नाही.

विष घालणे, फासे लावणे किंवा तारेत वीज सोडणे याला काय हरकत आहे?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि त्यात विष घालणे व फासे लावणेही येते. बिबट्या, अजगर व घोरपड यांचा समावेश पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. भटक्या कुत्र्यांना मारणेही प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी विष घातलेले मांस आधी घरचे कुत्रे आणि मांजर खाते. घरगुती वीज तारेत सोडणे तर सरळ माणसे मारण्यासारखे आहे. दरवर्षी त्यात शेतकरीच बळी पडतात. बाजारात मिळणारे झटका मशीन वेगळे असते, ते क्षणाक्षणाने येणारा अल्प काळाचा झटका देते. तरीही पंधरा कोंबड्यांसाठी तो खर्च वाजवी नाही.

आमच्या भागात बिबट्या आहे.

जुन्नर, संगमनेर, निफाड अशा उसाच्या पट्ट्यांत हा प्रश्न खरा आहे. बिबट्यापुढे बांबू, जाळी किंवा हलका पत्रा टिकत नाही, म्हणून खुराडे घराच्या भिंतीला लागून, दगडविटांचे आणि जाड लाकडी दाराचे असावे. रात्री कालवा ऐकू आला तर एकट्याने बाहेर धावू नये. आतूनच भांडी वाजवावीत, दिवे लावावेत. बिबट्याच्या वावराची माहिती वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर द्यावी.

कोणती जात पाळली तर नुकसान कमी होईल?

गावठी कोंबडी अंडी कमी देते, पण ती हलकी, सावध आणि उडणारी असते. मातकट रंगामुळे पाचोळ्यात दिसतही नाही. वनराज आणि गिरिराज वजनाने भारी असल्याने झेप घेऊन सुटू शकत नाहीत, ग्रामप्रिया त्यांच्या मानाने हलकी आहे. पांढऱ्या कोंबड्या घारीला दुरून दिसतात. ज्यांच्या परसाला रान लागून आहे त्यांनी मोकळ्या सोडण्यासाठी गावठीच ठेवाव्यात आणि भारी जाती हव्याच असतील तर त्या आवारात ठेवाव्यात.

हल्ला झाल्यावर पहिल्या दिवशी काय करावे?

उरलेल्या कोंबड्या त्या रात्री खुराड्यात ठेवू नयेत. न्हाणीघरात, पडवीत, टोपल्यांखाली, कुठेही चालतील. एकदा भक्ष्य मिळालेले जनावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्याच वाटेने परत येते, तोवर ती वाट सापडून बंद झाली पाहिजे. दुपारी खुराड्याच्या आत स्वतः बसून दार लावून घ्यावे: जिथून उजेडाची तिरीप येते तिथे फट आहे. मेलेले पक्षी उकिरड्यावर न टाकता खोल पुरावेत. जखमी कोंबडीला वेगळे ठेवावे, कारण रक्त दिसले की बाकीच्या तिला टोचतात. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट द्रावणाने धुवावी, हळद लावावी, आणि ती खोल असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. पक्ष्यांच्या अंगावर जखमच नसेल आणि माना मुरगळलेल्या किंवा हिरवट हगवण लागलेली दिसली, तर तो शिकारी नव्हे, मानमोडी हा साथीचा रोग आहे. तिथे जाळीचा उपयोग नाही, लसीचा आहे.

दोन-तीन दिवस गावाला जायचे असेल तर?

कोंबड्या त्या काळात सोडूच नयेत. ४ बाय ५ फुटांच्या खुराड्यात पंधरा पक्ष्यांना पूर्ण दिवस अपुरा पडतो, म्हणून त्याला लागून जाळीचे छप्पर असलेले लहान आवार आधीच करून ठेवावे. शेजाऱ्यांना पाणी आणि दाणा घालायला सांगताना, दार कसे लावायचे आणि खुंटी कोणत्या बाजूने घालायची, हे त्यांच्या हातून एकदा करवून घ्यावे. त्या दिवसांतली अंडी त्यांनीच घ्यावीत असे सांगून जावे. दार वेळेवर लागते.